वाचक विचारतात : दहा मीटरचा पाइप, दोन किलोमीटरची लहर

मागच्या अंकात माळ्यावर सापडलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर रेडिओलाच देऊन टाकतोय. माझी नोकरीची सत्तावीस वर्षं मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तरं थोडी लांबतील, सांभाळून घ्या. पत्रं इंदूरच्याच वाचकांची आहेत, नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : काका, मी सुदामा नगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाहेरच्या देशातले हॅम लोक, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओ चालवणारे, १३६ किलोहर्ट्झवर घरच्या अंगणातून सिग्नल पाठवतात असं वाचलं. मी हिशोब केला तर तरंगलांबी २२०० मीटर आली, म्हणजे क्वार्टर वेव्ह अँटेना ५५० मीटर उंच पाहिजे. आमच्या गच्चीवर फार तर १० मीटरचा पाइप उभा राहील. मित्र म्हणतो, लहर एवढी मोठी आणि अँटेना एवढा छोटा, लहर बाहेर पडणारच नाही. मग ते लोक करतात कसं?

उत्तर : पडते बाळा, बाहेर पडते. तुझ्या मित्राची गल्लत होतेय ती अशी की त्याला वाटतंय लहर अँटेनात मावली पाहिजे. तसं काही नसतं. एखाद्या सकाळी सिरपूर तलावावर जा, वारा नसताना, काठावर बसून एक बोट पाण्यात वर-खाली कर. पटापट केलंस तर लाटा जवळजवळ येतील, सावकाश केलंस तर लांबलांब, पण बोट तर तेवढंच आहे ना? लाटेची लांबी बोटाच्या जाडीवरून ठरत नाही, तू किती वेळात एकदा हलवतोस त्यावरून ठरते. हां, एक मात्र होतं, सावकाश हलवलेल्या बोटाने पाणी फारसं ढवळत नाही, लाट लांब येते पण अगदी बारीक येते. छोट्या अँटेनाचं सगळं दुखणं या बारीकपणात आहे, आणि त्यावर इलाज आहे.

आता आकड्यात सांगतो, कारण तू इंजिनिअरिंगचा आहेस. समजा जमीन एकदम चांगली आहे आणि उभ्या अँटेनातून १ किलोवॅट पॉवर खरोखर बाहेर पडली, तर १ किलोमीटरवर छोट्या अँटेनाचं फील्ड, म्हणजे लहरीचा जोर, येतं मीटरला ३०० मिलिव्होल्ट. आणि पूर्ण क्वार्टर वेव्ह टॉवरचं? साधारण ३१४. बस, एवढाच फरक. ५५० मीटरचा टॉवर आणि तुझा १० मीटरचा पाइप, दोघांतून सारखीच पॉवर निघाली तर लांबच्या माणसाला कुठला कुठला ते ओळखता येणार नाही. दिशाही दोघांच्या सारख्याच, चारी बाजूंना जमिनीलगत सगळ्यात जास्त आणि डोक्यावर शून्य. म्हणजे छोटा अँटेना लहर पाठवण्यात कमी नाही, कमी पडतो तो पॉवर बाहेर काढण्यात, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

बाहेर किती पडते हे रेडिएशन रेझिस्टन्स सांगतो. साध्या उभ्या पाइपला तो येतो उंची भागिले तरंगलांबी, त्याचा वर्ग, गुणिले ३९५. तुझ्या १० मीटरला हे करून बघ, ०.००८ ओहम येईल. आठ मिलिओहम! आणि त्याच्याच रांगेत, सिरीजमध्ये, बसलेत जमिनीचा रेझिस्टन्स, कॉइलचा रेझिस्टन्स, आजूबाजूच्या ओल्या भिंती, शेजारचं कडुनिंबाचं झाड, सगळं मिळून धर १०० ओहम. १०० वॅट दिलेस तर करंट वाहील १ अँपिअर, त्यातून जमिनीत आणि कॉइलमध्ये गरम होऊन गेले ९९.९९ वॅट आणि आकाशात गेले ८ मिलिवॅट. मित्राला वाटतं लहर बाहेर पडत नाही ते या अर्थाने, खरं म्हणजे पॉवर वाटेतच मातीने पिऊन टाकलेली असते.

मग पॉवर वाढवू का, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो, पण तो करू नकोस, कारण सांगतो. १० मीटरचा पाइप म्हणजे एक छोटासा कपॅसिटर आहे, ६० पिकोफॅरडच्या आसपासचा. १३६ किलोहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साडेएकोणीस हजार ओहम होतो, तो मारायला बुडाशी २३ मिलिहेन्रीची भलीमोठी कॉइल लागते, आणि १ अँपिअर करंटला पाइपच्या बुडाशी व्होल्टेज उभं राहतं साडेएकोणीस हजार. गच्चीवर! आठाचे पन्नास मिलिवॅट करायला सहाशे वॅटच्या वर लागतील आणि व्होल्टेज जाईल अठ्ठेचाळीस हजारावर, मग रात्री टोकाला निळी ठिणगी, इन्सुलेटर जळाला, कॉइल काळी पडली, आणि पावसाळ्यात तर विचारूच नको.

त्यापेक्षा वरून तारा लाव. पाइपच्या डोक्यावर आडव्या तारा, छत्रीच्या काड्यांसारख्या किंवा इंग्रजी टी अक्षरासारख्या, जेवढ्या लांब जमतील तेवढ्या. गंमत बघ, या आडव्या तारा स्वतः फारसं काही रेडिएट करत नाहीत, १० मीटर उंचीवरची आडवी तार आणि जमिनीतलं तिचं उलट्या करंटचं प्रतिबिंब एकमेकांना खाऊन टाकतात. पण नुसत्या पाइपमध्ये करंट बुडाशी पूर्ण आणि टोकाला शून्य असा निमुळता होत जातो, वर तारांची छत्री लावली की करंटला वर जायला जागा मिळते आणि तो पाइपभर जवळपास सारखा वाहतो. म्हणजे पाइपची कामाची उंची ५ मीटर होती ती १० च्या जवळ गेली, रेडिएशन रेझिस्टन्स चौपटीच्या आसपास गेला, कपॅसिटन्स ६० चा ३०० झाला, कॉइल २३ मिलिहेन्रीची ४.६ वर आली, कॉइल लहान म्हणजे तिचा लॉसही कमी. एकूण लॉस ५० ओहमवर आला असं धर, तर त्याच १०० वॅटमध्ये आता पन्नास-पंचावन्न मिलिवॅट बाहेर जातात आणि व्होल्टेज साडेपाच हजारावर उतरतं. साडेपाच हजारही जीव घ्यायला पुरेसं आहे हे विसरायचं नाही, पण एक वॅट न वाढवता सहापट मिळाली की नाही?

पन्नास मिलिवॅटमध्ये काय होतं म्हणशील, तर १०० किलोमीटरवर मीटरला वीस-बावीस मायक्रोव्होल्ट. ते लोक तेवढ्यावर काम चालवतात, कारण ते मोर्स इतका सावकाश पाठवतात की एक डॉट ३ सेकंदांचा, १० सेकंदांचा, कधी ६० सेकंदांचा. कानाने ऐकूच येत नाही, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक फिकट रेघ हळूहळू उमटत जाते आणि ती वाचायची. रात्रभरात नाव-पत्ता एवढाच मजकूर जातो. पण याच पद्धतीने हॅम मंडळींनी १३६ किलोहर्ट्झवर अटलांटिक ओलांडलाय, अंगणातल्या तारेवरून. मला तर हे वाचताना अजूनही भरून येतं.

आणखी एक, पाइप उभा केल्यावर पोरं काय करतात की रिसीव्हर घेऊन शेजारच्या गल्लीत जातात, सिग्नल धडाक्यात येतो आणि वाटतं जमलं. ते फसवं असतं. तरंगलांबी भागिले ६.२८ एवढ्या अंतरापर्यंत, १३६ ला म्हणजे ३५० मीटरपर्यंत, तू जे पकडतोयस ते अँटेनाभोवती श्वासासारखं आत-बाहेर होणारं फील्ड असतं, निघालेली लहर नव्हे. मोजायचं तर किलोमीटर-दोन किलोमीटर लांब जाऊन मोज. आणि हे सगळं कागदावर, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टन्सवर) कितीही कर, पण हवेत सोडायचं तर आधी हॅमचा परवाना, आणि परवान्यात तो बँड आहे का ते नीट वाच, मगच.

प्रश्न : रेडिओच्या टॉवरभोवती एवढी मोकळी जमीन का सोडतात हो? शहरं वाढली, जमिनीचे भाव आभाळाला भिडले, टॉवर तर हातभर जागेत उभा असतो. बाकीच्या जागेत प्लॉट पाडता आले असते. (टिळक नगर)

उत्तर : साहेब, ती जागा रिकामी नाही, अर्धा अँटेना तिथे पुरलेला आहे.

मीडियम वेव्हचा टॉवर नुसता अँटेना धरून ठेवायला नसतो, टॉवर स्वतःच अँटेना असतो. बुडाशी चिनीमातीचा जाडजूड इन्सुलेटर, त्यावर टनावारी लोखंड, आणि टॉवरमधून जो करंट वर जातो तो जमिनीतूनच परत यावा लागतो. म्हणून बुडापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात. किती पुरायच्या यावर अमेरिकेत ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन या तिघांनी केलेलं काम १९३७ साली छापून आलं, तेव्हापासून १२० तारा आणि प्रत्येक पाव तरंगलांबीची हा जगभरचा रिवाज झाला. आपल्या मालवा हाऊसचं, म्हणजे आकाशवाणी इंदूरचं स्टेशन १९५५ सालचं, त्याची मीडियम वेव्ह ६४८ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ४६३ मीटर आणि पाव भाग ११५ मीटर. या रिवाजाने १२० तारा टाकायच्या तर जवळजवळ १४ किलोमीटर तांबं होतं, आणि ११५ मीटर त्रिज्येचं गोल मैदान, ज्यात विहीर नको, प्लॉट नको, जेसीबी तर नकोच नको.

मी ज्या स्टेशनला होतो तिथली एक गोष्ट सांगतो. १० किलोवॅटचा ट्रान्समीटर होता. टॉवरच्या बुडाशी छोट्या खोलीत, ट्यूनिंग हट म्हणायचो आम्ही, एक गोल अँपिअर मीटर होता, काचेवर आडवा तडा गेलेला, आणि रोज सकाळी त्याचा आकडा लॉगबुकात लिहायचा. बेस करंट. वर्षानुवर्षं १५.८, उन्हाळ्यात १५.६, पाऊस पडला की परत १५.८. एका मे महिन्यात १५.४ दिसला, मी म्हटलं ऊन फार आहे. आठवड्याने १५.१. मग १४.७. ट्रान्समीटर बघितला, व्यवस्थित, पॉवर पूर्ण. ऐकणाऱ्या एकाही माणसाची तक्रार नाही, कारण एवढ्या फरकाने कानाला काहीच कळत नाही, पण हिशोब केला तर रेझिस्टन्स ४० ओहमचा ४६ झालेला, म्हणजे ६ ओहम कुठून तरी नवीन आलेत. शेवटी मी आणि आमचा लाइनमन, दोघं सकाळी सहाला ऊन चढायच्या आत मैदानात उतरलो, आणि काळ्या जमिनीच्या भेगांतून चालता चालता पश्चिमेच्या बाजूला एक सरळ नांगरल्यासारखी रेघ दिसली. पायाने माती सरकवली तर तार संपलेली, तोडलेलं टोक चकचकीत. रात्री येऊन कुणी तरी एकेक तार उपसून नेत होतं, मोजल्या तर छत्तीस गेल्या होत्या. तांब्याचा भाव वाढलेला होता तेव्हा. नवीन तारा यायला दीड महिना गेला, त्या टाकल्या, जोड ब्रेझिंगने पक्के केले, आणि मीटर १५.७ वर आला तेव्हा लाइनमनने काचेला हात लावून नमस्कार केला.

आपल्या माळव्याची काळी माती या कामाला चांगली, पाणी धरून ठेवते आणि ओली काळी माती करंट छान वाहून नेते. पण मे महिन्यात हातभर भेगा पडतात आणि खाली काळा खडक, त्यामुळे तारा हव्यातच. सुदामा नगरच्या मुला, तू हेही वाचत असशील तर लक्षात ठेव, ५५० मीटरच्या तारा तू टाकू शकणार नाहीस पण तुझ्या अँटेनाभोवती जेवढ्या मीटरवर त्याचं फील्ड दाट आहे तेवढ्यात जमेल तितक्या तारा टाक, उंचीएवढ्या लांब असल्या तरी चालतील, एका लांब तारेपेक्षा वीस आखूड तारा बऱ्या.

स्वीडनमध्ये ग्रिमेटन नावाच्या गावी १९२४ चं एक स्टेशन आहे, १७.२ किलोहर्ट्झवर चालतं, तरंगलांबी सतरा किलोमीटरच्या वर आणि सहा टॉवर प्रत्येकी १२७ मीटरचे, म्हणजे लहरीच्या १३७ व्या हिश्शाएवढे. ते ज्या इंजिनिअरने रचलं त्या अलेक्झांडरसनने काय केलं, सगळा करंट एकाच जागी जमिनीत सोडण्याऐवजी प्रत्येक टॉवरपाशी एक तार खाली आणली, प्रत्येकीला वेगळी कॉइल आणि वेगळं अर्थिंग. सहा जागी वाटून गेल्याने जमिनीचा लॉस एकदम उतरला. २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला आणि ते अजून वर्षातून एक-दोनदा चालू करतात. जमिनीवर एवढा विचार केलेला अँटेना मी दुसरा पाहिला नाही.

प्रश्न : पाणबुडीत रेडिओ चालतो का? (आठवीतली विद्यार्थिनी, लोकमान्य नगर)

उत्तर : चालतो, पण फक्त अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीचा. समुद्राचं खारं पाणी लहरीला लवकर गिळतं, फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकं लवकर. एफएमची लहर काही सेंटिमीटरमध्येच संपते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन म्हणून स्टेशन आहे, ते १८.२ किलोहर्ट्झवर पाठवतं, ती लहर पाण्यात दर दोनेक मीटरला एक तृतीयांशाच्या जवळ उरते, म्हणून पाणबुडी थोडी वर आली की काही मीटर खालूनही संदेश पकडू शकते. फक्त ऐकू शकते हं, उलट बोलायला तिला एवढा अँटेना आणायचा कुठून! त्या लहरीची लांबी साडेसोळा किलोमीटर, पाव भाग करायचा तर चार किलोमीटरचा टॉवर लागेल. तिथला सगळ्यात उंच टॉवर ४७१ मीटर आहे, तरी लहरीच्या हिशोबाने तोही छोटाच अँटेना, आणि त्यालाही वरून तारांची छत्रीच लागते.

प्रश्न : मी ७८ वर्षांची आहे, रामबागेत राहते. माझं माहेर पुण्याचं. रात्री झोप लागत नाही तेव्हा ट्रान्झिस्टर लावते तर कधी कधी पुणं लागतं, मराठी ऐकू येतं. दिवसा मात्र कितीही काटा फिरवला तरी नाही लागत. आणि रात्रीसुद्धा ऐकता ऐकता आवाज बुडतो, परत वर येतो. रेडिओ बिघडलाय का?

उत्तर : काकू, रेडिओ अगदी ठणठणीत आहे, तो विकू नका.

रेडिओची लहर तुमच्यापर्यंत दोन वाटांनी येते. एक जमिनीच्या अंगाने चालत येते. उभ्या टॉवरची लहर जमिनीला धरून वळते, टेकड्या-घाट ओलांडते, म्हणून तर आपण घाट उतरून महेश्वरकडे निघालो की गाडीतला एफएम खरखरायला लागतो आणि मीडियम वेव्ह टिकून राहतं, एफएमची लहर तीन मीटरची, ती डोंगराच्या आड अडकते. पण जमीन या लहरीकडून चालण्याचं भाडं घेते. लहर जरा पुढे झुकून चालते आणि तिची शक्ती थोडी थोडी मातीत मुरत जाते, ओल्या काळ्या जमिनीत कमी, कोरड्या खडकात जास्त, समुद्रावर जवळपास नाहीच, खारं पाणी कोरड्या खडकापेक्षा हजारो पटींनी करंट वाहून नेतं. फ्रिक्वेन्सी जेवढी कमी तेवढं हे भाडं कमी. पुण्याचं स्टेशन ७९२ किलोहर्ट्झवर, इंदूरपासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटर, मध्ये सातपुडा, विंध्य आणि सगळा खडक, त्यामुळे जमिनीवरून निघालेलं पुणं इथे पोचेपर्यंत काही उरत नाही.

दुसरी वाट आकाशातली. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर उन्हामुळे हवेचा एक थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात, त्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि हवाही बऱ्यापैकी दाट असते, मीडियम वेव्हची लहर आली की इलेक्ट्रॉन हलायला लागतात, हवेच्या कणांवर आपटतात आणि लहरीची शक्ती तिथेच उष्णता होऊन संपते. दिवसभर ते झाकण घातलेलं असतं. सूर्य मावळला की थोड्याच वेळात हा थर विरून जातो, झाकण निघतं, आणि लहर आणखी वर, शंभरेक किलोमीटरवरच्या ई थरापर्यंत जाऊन खाली परत येते. पुण्याहून वीसेक अंशाच्या कोनात वर चढलेली लहर एका टप्प्यात तुमच्या रामबागेत उतरते.

आता आवाज का बुडतो. तो वरचा थर काही आरशासारखा सपाट आणि स्थिर नसतो, तो सतत हलतो. वरून येणारी लहर कधी दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी येते, त्या एकमेकींना जुळल्या तर आवाज वर, उलट्या पडल्या तर आवाज खाली, आणि कधी कधी गाण्यातला मधलाच भाग खाल्ल्यासारखा होऊन गळा बसल्यासारखं ऐकू येतं. स्टेशनपासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात हा त्रास जास्त, कारण तिथे जमिनीवरची आणि आकाशातली लहर साधारण सारख्या जोराची असते. तो टाळायला काही स्टेशनं मुद्दाम अर्ध्या तरंगलांबीहून थोडा उंच टॉवर उभारतात, त्याची लहर वर कमी आणि आडवी जास्त जाते. छोट्या टॉवरला हे जमत नाही, त्याची लहर उंचावरही बरीच जाते, तेवढी एक गोष्ट मी पहिल्या उत्तरात सांगायची राहिली होती.

थंडीच्या रात्री मोठ्या असतात आणि विजांची खरखर कमी असते. डिसेंबर-जानेवारीत साडेनऊनंतर लावून बघा काकू, पुणं स्वच्छ लागेल.

प्रश्न : ट्रान्झिस्टरचा दांडा पूर्ण ओढला तरी मीडियम वेव्हला काडीचा फरक पडत नाही, असं का? आणि स्टेशनला एवढा मोठा टॉवर लागतो तर रेडिओला वीतभर डबा कसा पुरतो? (राजेंद्र नगर)

उत्तर : ताई, दांडा एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी आहे. मीडियम वेव्हचा अँटेना डब्याच्या आत असतो, मागचं झाकण उघडलंत तर पेन्सिलीएवढी किंवा थोडी जाड काळी कांडी दिसेल, तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ती फेराइटची कांडी, लहरीतला चुंबकीय भाग पकडते.

वीतभर कांडी कशी पुरते हा फार चांगला प्रश्न विचारलात. पकडण्याच्या बाबतीत ती कांडी टॉवरपेक्षा शेकडो पटींनी कमकुवत आहे, पण खालच्या फ्रिक्वेन्सीला हवेत आधीच विजांची खरखर भरलेली असते. जगात कुठे ना कुठे दर सेकंदाला चाळीसेक विजा पडतच असतात आणि त्यांचा आवाज याच वाटांनी हजारो किलोमीटर फिरतो. मोठा अँटेना लावलात तर स्टेशनही मोठं येईल आणि खरखरही तेवढ्याच पटीने मोठी येईल, छोटा लावलात तर दोन्ही लहान, मग रेडिओ आतून दोन्ही वाढवतो. स्टेशन आणि खरखर यांचं प्रमाण बदलत नाही, म्हणून ऐकताना छोट्याने भागतं. पाठवताना भागत नाही, कारण तिथे जमिनीने खाल्लेला वॅट परत मिळत नाही.

घरातली खरखर मात्र वेगळी, ती तुमच्या हातात आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा बॉक्स यांचा आवाज थेट त्या कांडीत शिरतो. रेडिओ चालू ठेवून घरभर हिंडा, कुठल्या बल्बपाशी गुणगुण वाढते ते लगेच कळेल. आणि मग टेबलावर ठेवून रेडिओ सावकाश गोल फिरवा. कांडीचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज जवळपास नाहीसा होतो, कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी झाली की भरून येतो. याच गुणाचा उलटा उपयोगही होतो, स्टेशन एका दिशेला आणि खरखर करणारा बल्ब दुसऱ्या दिशेला असेल तर कांडीचं टोक बल्बकडे करून ठेवा, खरखर बसते आणि स्टेशन राहतं. आमच्या घरी रेडिओ फ्रिजवर तिरका ठेवलेला असतो तो यासाठीच.